दुर्लक्षाचा चौकोन

१

आपली मुलगी कंपनीत नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की कोंडीराम सांगायचे, "सिनेमाच्या घड्या घालती." विचारणारा हसायचा, पण उत्तर चुकीचं नव्हतं. सिनेमात आग लागते, पूर येतो, इमारती कोसळतात, ते सगळं हल्ली कॉम्प्युटरवर रचतात, आणि त्या एकेका चित्राचा पसारा एवढा असतो की स्टुडिओतली यंत्रं ती वाहून वाहून टेकीला येतात. म्हणून चित्रं दाबून लहान करायची, पाठवायची आणि पलीकडं गेली की पुन्हा उलगडायची. त्यांच्या मुलीची, मैत्रीची, कंपनी वाकडला होती आणि हे दाबण्या-उलगडण्याचं सॉफ्टवेअर तिथं बनायचं. ऑफिसात सगळे त्याला 'घडी'च म्हणायचे. अट एकच: साडी उलगडली की चुणी दिसता कामा नये.

घडी विंडोजवर चालायची, लिनक्सवर चालायची, मॅकवर चालायची. आता क्लायंटला ती एका नव्या चिपवर हवी होती, आणि ती चिप पुढं फोनांतही जाणार होती. एका प्रकारच्या यंत्रावरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर नेणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं. सामान तेच असतं, पण नव्या घराची दारं वेगळ्या मापाची असतात, आणि कपाट नेमकं जिन्यात अडकतं. हे अडकलेलं कपाट सोडवणं हे मैत्रीचं काम होतं, आणि ते तिला आवडायचं.

सामान शाबूत पोचलं की नाही हे बघायची तिथली रीत साधी होती. एकच चित्र जुन्या यंत्रावर उलगडायचं, नव्या यंत्रावर उलगडायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. दोन्ही तंतोतंत सारखी असतील तर उरतं काय? काहीच नाही. पडदा नुसता काळा. रोज सकाळी मैत्री हेल्मेट टेबलाखाली सरकवायची, फरकाचं चित्र उघडायची, काळा पडदा बघायची आणि निवांत मनानं चहाला जायची. लोक सकाळी उठून देवाचं तोंड बघतात, ही पोरगी अंधार बघून खूश व्हायची.

वजाबाकीसाठी जी क्लिप वापरायचे ती तिच्या घरची होती. क्लायंटचे सिनेमे टेस्टला वापरायची परवानगी नव्हती, म्हणून मागच्या हिवाळ्यात तिनंच एका रविवारी ऑफिसचा चांगला कॅमेरा आकुर्डीच्या घरी नेला होता. खिडकीची जाळी, जाळीचा पडदा, अगरबत्तीचा धूर आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पावट्याच्या शेंगा सोलणारे पप्पा. बारीक पोताच्या वस्तू कॉम्प्रेशनला जाम छळतात, आणि पप्पांचे पांढरे खुंट व बनियनची वीण ह्यांहून छळवादी वस्तू शोधून सापडली नसती. क्लिप मुकीच होती. ऑफिसात तिचं नाव पडलं 'पप्पांची क्लिप'. एकदा कोंडीराम विसरलेला डबा द्यायला वाकडला आले, तर ज्यांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं अशी पोरं उठून त्यांच्याशी हात मिळवायला लागली. त्यानंतर कितीतरी दिवस ते आपण सिनेमात काम केल्याचं सांगत फिरत होते.

आई जाऊन आता काही वर्षं झाली होती. घरात दोघंच. तिला भाऊ नाही, बहीण नाही. पप्पा कारखान्यातल्या प्रेस शॉपमधून, पत्रा ठोकायच्या खात्यातून, रिटायर झालेले, तिथल्या दणदणाटानं कान निम्मे गेलेले, त्यामुळं टीव्ही असा लावायचे की मजल्यावरच्या सगळ्यांना बातम्या फुकट मिळाव्यात. मैत्रीला त्याचा वैताग यायचा, पण खरं सांगायचं तर जिन्यात तो आवाज ऐकू आला की तिच्या जिवात जीव यायचा.

२

त्या सोमवारी फरकाचं चित्र काळं आलं नाही.

एका कोपऱ्यात पुसट करडं काहीतरी होतं. मैत्रीला फारसं आश्चर्य वाटलं नाही. प्रत्येक चिपची अपूर्णांक छाटायची पद्धत निराळी असते, त्यामुळं असले फरक येतात. पण ते सांडलेल्या मिठासारखे चित्रभर विखुरलेले येतात. इथं खिडकीचा पडदा काळा होता, जाळी काळी होती, धूरसुद्धा काळा होता. करडं होतं ते फक्त खुर्चीत. तिनं उजेड वाढवून पाहिला तेव्हा त्या करड्याला खांदे दिसले.

शेजारच्या टेबलावर संघर्ष बसायचा. पिंपरीचा, हुशार, डोक्याला ताप करून न घेणारा. दोघांनी मिळून आठवडा घालवला. कोड ओळीओळीनं वाचला, गणितं हातानं करून पाहिली, नव्या चिपचा दुसरा बोर्ड मागवून लावला. पडद्याची वीण बनियनपेक्षा बारीक, ती धड उलगडते आणि माणूस उलगडत नाही, ह्याला काही अर्थच लागत नव्हता. संघर्ष वैतागून म्हणाला की काकांनाच विचार, त्यांनी काय घातलं होतं त्या दिवशी.

शुक्रवारी माल द्यायचा होता. प्रोजेक्ट सांभाळणारे दिग्विजय सर गुरुवारी दुपारी येऊन मागं उभे राहिले. ओरडणारा माणूस नव्हे, पण मागं उभा राहणारा. ते गेल्यावर संघर्षनं शेवटचा उपाय काढला. अमुक जागी फरक येणारच हे माहीत असेल तर टेस्टमध्ये त्या जागेवर एक चौकोन टाकता येतो, की ह्याच्या आत बघू नकोस. त्याला मास्क म्हणतात. संघर्ष त्याला दुर्लक्षाचा चौकोन म्हणायचा. सगळीकडेच टाकतात, तात्पुरता म्हणून, आणि मग तो वर्षानुवर्षं तिथंच राहतो. चौकोन टाकताना कारण लिहावं लागतं, म्हणजे पुढच्या माणसाला कळावं.

मैत्रीनं पप्पांच्या भोवती चौकोन आखला, डोक्यापासून पायांपर्यंत. सगळ्या प्रकारच्या यंत्रांना टेस्ट एकच होती, म्हणून चौकोन सगळीकडं लागू झाला. कारणाच्या जागी तिनं लिहिलं: इथं महत्त्वाचं काही नाही.

टेस्ट हिरवी झाली, म्हणजे पास. शुक्रवारी माल गेला आणि दिग्विजय सरांनी सगळ्यांना वडापाव खिलवला.

३

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती घरी आली तर समोरच्या पूनमताईंनी कुरिअरचं पाकीट हातात ठेवलं. म्हणाल्या, तुमच्याकडं कुणीच नव्हतं, दार मात्र सताड उघडं, म्हणून मीच ओढून घेतलं. घरात येऊन मैत्रीनं पप्पांना विचारलं, कुठं गेला होतात दार उघडं टाकून? ते म्हणाले, कुठं जातोय, हितंच बसलो हुतो. पूनम दारात आली, आत बघितलं, दार ओढून गेली. मी दोन हाका मारल्या.

खुर्ची दाराच्या समोर होती. मैत्रीनं विचार केला आणि तिला उत्तर सापडलं. टीव्हीच्या आवाजावरून पूनमताई आणि पप्पांची मागंच वाजली होती. शेजारपणातला रुसवा, दुसरं काय. पण मग ध्यानात आलं की टीव्हीबद्दल पूनमताईंची कुरकुर बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती, आणि टीव्ही तर आत्ताही भिंती हलवत होता.

त्या आठवड्यात पप्पा असलं काही ना काही सांगत राहिले, तेही हसत, दुसऱ्याची फजिती सांगावी तसं. स्टॉपवर हात करूनही बस थांबली नाही. विहारात वंदना झाल्यावर खीर वाढत आले आणि ह्यांना सोडून पुढं गेले. बसवाले नेहमीच असं करतात, मैत्री म्हणाली, आणि खीर वाढणारा पोरगा फोनमध्ये बघत असणार. तिच्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण होतं. शिकलेल्या माणसाकडं कारणांचा कधी तुटवडा नसतो.

एकच गोष्ट त्यांनी हसून सांगितली नाही. दत्तोबा म्हणजे प्रेस शॉपमधला त्यांचा जुना जोडीदार. संध्याकाळी दोघं स्टेशनजवळच्या बाकावर बसायचे.

"आज मी आधी जाऊन बसलो हुतो," पप्पा म्हणाले. "दत्तोबा आला. बाकावर टेकला. आन् भाजीची पिशवी माझ्या मांडीवर ठिवली."

"मस्करी केली असेल."

"मला बी तसंच वाटलं. पर तो मग रस्त्याकडं बघत बसला. घटकाभरानं पिशवी उचलून गेला."

मैत्री भाकरी करत होती. तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा ते आपल्या मांडीकडं बघत होते, आणि तिला उगाच वाटलं की आपण त्यांच्याकडं पुष्कळ दिवसांत नीट पाहिलेलं नाही.

४

रविवारी सकाळी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. आता त्यासाठी बँकेत जावं लागत नाही. फोन तोंडासमोर धरायचा, फोन चेहरा ओळखतो, आणि माणूस जिवंत असल्याचं सरकारला कळतं. मागच्या वर्षी पहिल्याच खेपेला झालं होतं.

मैत्रीनं फोन धरला. पडद्यावर गोल आला आणि खाली सूचना: चेहरा गोलात आणा. चेहरा गोलातच होता. तिनं फोन जवळ नेला, लांब नेला. सूचना तीच. मागून खिडकीचा उजेड येतोय म्हणून तिनं त्यांना भिंतीकडं बसवलं. दाढीचे खुंट आहेत म्हणून दाढी करायला लावली. ते शहाण्या मुलासारखे दाढी करून, तोंडाला पावडर लावून, इस्त्रीचा सदरा घालून आले. सूचना तीच.

मग कंटाळून तिनं आपलं तोंड त्यांच्या तोंडाला लावलं. तत्क्षणी तिच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली. शेजारी पप्पा कॅमेऱ्याकडं बघत होते, डोळे मोठे करून, कारण मागच्या वेळी डोळे उघडे ठेवा म्हणून सांगितलं होतं. त्यांच्याभोवती काही आलं नाही. ती हळूच बाजूला झाली, चौकट तिच्यासोबत सरकली आणि पडद्यावरून गेली. पुन्हा सूचना आली की चेहरा गोलात आणा.

फोन नवाच होता. त्यात कुठली चिप आहे हे मैत्रीला पाठ होतं, आणि ते आत्ता आठवायला नको होतं. तिनं स्वतःला बजावलं की मास्क फक्त टेस्टमध्ये असतो. घडीला त्याचा पत्ताही नसतो. घडीचा आणि ह्या ॲपचा संबंध नाही, ॲपचा आणि पूनमताईंचा संबंध नाही, आणि दत्तोबा तर बटणांचा फोन वापरतो. एकेक वाक्य बिनतोड होतं. तरी तिनं ती सगळी पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिली.

पप्पांना तिनं सांगितलं की सर्व्हर बंद आहे, उद्या करू. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मशीनला बी म्हातारी माणसं नकोशी झाली."

दुसऱ्या दिवशी ती कामाला निघाली आणि डांगे चौकात सिग्नलला थांबली असताना तिला आठवलं की आपण निघताना बाहेरून कुलूप लावलंय. घरात कुणी नसलं की लावतो तसं. ती गाडी वळवून परत आली. पप्पा आतून सेफ्टी डोअरच्या जाळीला धरून उभे होते. त्यांनी आरडाओरडा केला नव्हता की फोन केला नव्हता. ती कुलूप काढताना रडकुंडीला आलेली पाहून तेच म्हणाले, "व्हतंय असं. ध्यानात न्हाई ऱ्हात."

त्यांनी ते इतक्या समजुतीनं म्हटलं की मैत्रीला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पूनमताईंची, बसवाल्याची, फोनची कारणं होती. कुलूप तिनं स्वतः लावलं होतं.

५

ऑफिसात पोचल्यावर तिनं कुणाशी न बोलता चौकोन काढून टाकला आणि टेस्ट पुन्हा चालवली, ह्या वेळी वजाबाकी थेट मूळ क्लिपशी लावून. लाल. फक्त नव्या चिपवर नव्हे, सगळीकडं लाल. ज्या विंडोजवर घडीला कधी चुणी पडली नव्हती, तिथंही.

तिनं उलगडलेली क्लिप लावली. खिडकी, जाळी, पडदा हलतोय, धूर वर चढतोय. कोपऱ्यात खुर्ची. खुर्चीची प्लॅस्टिकची पाठ अगदी स्वच्छ दिसत होती, तिच्यावरची चीरसुद्धा. मैत्रीनं ती चीर क्लिपमध्ये कधी पाहिली नव्हती. पाहणं शक्यच नव्हतं, कारण तिच्यापुढं पप्पांची पाठ असायची.

मग तिनं मूळ क्लिप उघडली, कॅमेऱ्यातून आलेली, जिला घडीचा हात लागलेला नव्हता. तिथं पप्पा होते. शेंगा सोलत होते. मैत्रीनं श्वास सोडला आणि संघर्षची खुर्ची ओढून जवळ घेतली.

"ह्यात कोण दिसतंय?"

संघर्षनं पाहिलं. "कोण म्हणजे?"

"कोपऱ्यात."

"खुर्ची आहे." तो तिच्या तोंडाकडं बघायला लागला. "अगं, खिडकीची क्लिप आहे ना ही. आपली रोजची."

"पप्पांची क्लिप, संघर्ष. तू हात मिळवला होतास त्यांच्याशी. इथंच."

तो हसला नाही. त्यानं तिला सावकाश विचारलं की तुझे वडील पण आहेत का घरी, मला वाटायचं तू एकटीच राहतेस. विचारणं अगदी सरळ होतं, त्यात खोट नव्हती. पलीकडून नेहानं, नुकत्याच लागलेल्या मुलीनं, वाकून पाहिलं आणि म्हणाली की पडदा मस्त आलाय. मैत्रीनं पुन्हा स्क्रीनकडं पाहिलं. पप्पा होते. पण तिला ते शोधावे लागले, अगदी क्षणभर, गर्दीत आपलं माणूस शोधावं तसे.

दोघं जेवायला गेल्यावर तिनं फरकाचं चित्र उघडलं. उजेड वाढवला. अजून वाढवला. काळ्यातून करडं वर आलं, आणि आता ते पुसट नव्हतं. मूळ चित्रातून जे जे वजा झालं होतं ते सगळं तिथं साठलं होतं. बनियनची वीण, गुडघ्यावरचं ताट, बोटांची पेरं, कानातले केस. एकही तंतू हरवलेला नव्हता. काळ्या पोकळीत, खुर्चीशिवाय, बसल्यासारखे पप्पा शेंगा सोलत होते.

ती क्लिप तिनं हजारदा पाहिलेली. पप्पा तीत मान वर करत नाहीत, कारण तिनंच त्यांना सांगितलं होतं की कॅमेऱ्याकडं बघू नका. फरकाच्या चित्रात त्यांनी शेंग खाली ठेवली आणि मान वर केली. आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं, मग सरळ तिच्याकडं. ओठ हलले. आवाज नव्हता, पण ती हाक तिनं जन्मापासून ऐकलेली होती. ते पुन्हा ओठ हलवायला लागले तेव्हा तिनं पडदा बंद केला, आणि मग आपण हे काय केलं ह्या भयानं तो पुन्हा उघडला. क्लिप संपली होती.

६

दिग्विजय सरांच्या केबिनमध्ये तिनं शक्य तितक्या साध्या आवाजात सांगितलं की दिलेला माल परत मागवा, त्यात दोष आहे. कसला दोष, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं की एक फरक आम्ही झाकला होता. किती मोठा फरक? ती म्हणाली, माणसाएवढा.

सर समजूतदार होते. त्यांनी पाणी दिलं, बसवलं. म्हणाले की क्लायंटनं घडी सगळीकडं चढवलीय, स्टुडिओंत, फोनांत, कुठं कुठं ते आपल्याला माहीतही नाही. आता ती परत येत नसते, फार तर पुढची आवृत्ती जाते, तीही मार्चमध्ये.

"आणि मैत्री, एक सांग. कुणाची तक्रार आलीय का? इतक्या लोकांनी पाहिलं. कुणाला काही कमी वाटलं?"

"नाही, सर."

"मग झालं तर. ज्याची कुणाला उणीव भासत नाही, त्याला घडीच्या कामात लॉस, तूट म्हणत नाहीत. तूच शिकवतेस ना नव्या पोरांना."

ती खरंच शिकवायची, ह्याच शब्दांत. ती उठली, बॅग घेतली आणि भर दुपारी घरी निघाली. वाटेत एकच गोष्ट मनात घट्ट धरून ठेवली होती, की पप्पा घरी आहेत. भूमकर चौकातल्या गर्दीत एक ट्रक अंगावर आला तेव्हा ती क्षणभर सगळं विसरली. पुढं गेल्यावर, आपण कुणासाठी एवढी घाई करतोय, हे तिला आठवावं लागलं.

७

जिन्यात आवाज नव्हता. दार उघडलं तर टीव्ही चालू होता, भिंती हलवणाऱ्या आवाजात. म्हणजे आवाज आधीही होताच. तो फक्त तिच्यापर्यंत आला नव्हता.

खोलीत ऊन पडलं होतं. बुद्धाची तसबीर, आईचा फोटो, पलंग, खिडकी, पडदा. खुर्ची रिकामी होती. मैत्री चौकटीला टेकली आणि बघत राहिली, घरात हरवलेली सुई शोधताना फरशी बघतो तशी, एकेक वीत. पाठीची चीर दिसत होती. ती बघतच राहिली. मग चीर दिसेनाशी झाली, कारण तिच्यापुढं सदरा होता, इस्त्रीचा, वरची गुंडी काढलेला.

"आलीस?" पप्पा म्हणाले. "सकाळधरनं हाका मारतूय. पूनमला मारल्या, खालच्या वॉचमनला मारल्या."

ती जाऊन त्यांच्या गुडघ्यांना बिलगली. गुडघे होते, हाडं होती, सदऱ्याला साबणाचा वास होता. तिनं सांगितलं की मी नोकरी सोडते, आपण दोघं कुठंतरी जाऊ, तुमच्या गावी जाऊ. ते म्हणाले, आदी चा कर. सकाळपासून चहा झाला नव्हता.

ती स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं, आलं ठेचलं, साखर टाकली. चहा गाळला आणि ओट्याशी उभी राहून पिऊ लागली. ऊन छान पडलं होतं. आज दुपारीच घरी आलोय तर कपडे भिजवावेत, असं तिच्या मनात आलं. एकटीचे असे कितीसे कपडे असणार. कप अर्धा झाला होता तेव्हा हातातून सुटला.

बाहेरच्या खोलीत खुर्ची रिकामी होती. ह्या वेळी फार वेळ लागला. ती बघत होती, नाव घेत होती, पप्पा, पप्पा, आणि डोळ्यांना फक्त पाठ, चीर, भिंत एवढंच सापडत होतं. तिनं त्यांचे खुंट आठवले, कानातले केस आठवले, बोटांची पेरं आठवली, आणि एकेक करून ते त्या जागी आले, सगळ्यात शेवटी तोंड. ते तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांना सगळं कळलं होतं.

मैत्रीनं जमिनीवर त्यांच्यासमोर मांडी घातली. "मी आता हलणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोलत राहा."

ते बोलत राहिले. प्रेस शॉपमधला पहिला दिवस सांगितला. केसरबाई म्हणजे तिची आई लग्नात कशी रुसली होती ते सांगितलं. मैत्री जन्मली तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून पेढे कसे एकट्यानंच खाल्ले तेही सांगितलं. आवाज मधूनच विरायचा, तेव्हा ती ओठांकडं बघायची. खाली मुलं शाळेतून आली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पूनमताईंनी दार वाजवून विचारलं की काय गं, आज लवकर आलीस, एकटीच कुणाशी बोलतेस. मैत्रीनं वळून पाहिलं नाही.

पप्पा बोलायचे थांबले. पुढं वाकून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताचं वजन होतं, पण पहिल्यापेक्षा कमी.

"किती येळ बघशील, पोरी?" ते म्हणाले. "दोन घास खाऊन घे. म्या न्हाई कुठं जात."

तिनं मान हलवली, नाही म्हणून, नजर न हलवता. तिला त्यांच्या गालाची उजवी बाजू आता जराशी मेहनतीनंच दिसत होती. तिच्या डोळ्यांत पाणी साचायला लागलं. पप्पा त्यात थरथरले, पसरट झाले, आणि ते पाणी पुसायचं तर हात डोळ्यांवर न्यावा लागणार होता.